औंधचा मंडप आणि कुंडलचा माळ

गणेशोत्सव दीड-दोन महिन्यांवर आला की आमच्या मंडळाची पहिली बैठक होते आणि तिच्यात पहिला विषय मंडपाचा असतो. इतकी वर्षे तो दोन मिनिटांत संपत असे. इतिवृत्तात 'मंडप नेहमीप्रमाणे' एवढे लिहायचे की झाले. यंदा मात्र मंडपवाल्या काकांना फोन केला तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आले, "यंदा काय जमत नाही बघा. तारखा भरल्यात."

झाले होते असे. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी रात्री पावसाने झोडपले. काका न बोलावता दोन गडी घेऊन आले आणि पहाटेपर्यंत उभे राहून त्यांनी मूर्तीवरचे छप्पर दुहेरी केले. पुढे बिलात त्या रात्रीचे पैसे लागले, तेव्हा आम्ही विचारले, "हे काम करायला सांगितले कोणी?" निम्मे पैसे कापले आणि उरलेले दिवाळीनंतर दिले. काका एका शब्दानेही भांडले नाहीत. यंदाच्या बैठकीत आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणाले, "भांडला नाही, हेच वाईट झालं. भांडला असता तर परत आला असता."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. एक काम संपते, पैसे चुकते होतात, कागद फाईलमध्ये जातो. मग दुसरे काम निघेपर्यंत त्या दोन माणसांमध्ये उरते काय? स्मरणिकेसाठी दरवर्षी बेळगावच्या इतिहासातले एखादे पान उलगडायचा आमचा प्रघात आहे. यंदा हाच प्रश्न घेऊन शोधू लागलो, तेव्हा उत्तर आपल्याच गावात सापडले. त्यातही एक मंडप आहे आणि गावाने गमावलेली एक गोष्टही आहे.

किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्या नव्या पिढीला हे नाव कशावरून पडले हे सांगावे लागते. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. 'सौभद्र'कार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा हिंदी माणूस म्हणून त्यांना डावलले गेले. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा होते. १८८८ पासून दोघा भावांचे सायकलींचे दुकान चालू होते, 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने. त्या काळी सायकल सातशे ते हजार रुपयांना पडे, म्हणजे ती चैनीची वस्तू. घेणाऱ्याला ती चालवता येत नसे. तेव्हा किर्लोस्कर पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवीतही. या पंधरा रुपयांकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो. विक्री झाली की दुकानदाराचे काम संपते, असा हिशेब तिथे नव्हता. गिऱ्हाईक सायकलवर बसून आपापल्या घरी जाईपर्यंत ते काम चालू होते. शिकवणीच्या त्या दिवसांत दुकानदाराला गिऱ्हाईक कळे आणि गिऱ्हाइकाला दुकानदार.

सायकलीपाठोपाठ लहानसा कारखाना निघाला. त्यात कडबा कापण्याची यंत्रे होऊ लागली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून राहतो तेव्हा कारखानदाराची काय अवस्था होते, हे आमच्या उद्यमबागेतल्या सभासदांना सांगायला नको. कामगारांचा पगार, कर्जाचा हप्ता, कोळसा, लोखंड, यांतले काहीच विक्रीची वाट पाहत नाही.

अशा दिवसांत माणूस मिळेल ते काम घेतो. लक्ष्मणरावांनीही घेतले. सातारा भागातल्या औंध संस्थानात एक सभामंडप उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. नांगराशी किंवा कडबा कापण्याच्या यंत्राशी त्याचा काही संबंध नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एक वेगळेच कंत्राट होते. ते पुरे झाले, पैसे मिळाले आणि गाडी पकडून माणूस घरी आला, इतक्यावरही गोष्ट संपू शकली असती.

त्याच सुमारास बेळगावात दुसरीकडून घाव बसला. शहर वाढत होते. वाढीसाठी नगरपालिकेला जागा हवी होती आणि किर्लोस्करांचा कारखाना त्या जागेवर उभा होता. कारखाना हलवा, असा हुकूम झाला. यात नगरपालिकेचे कोणी दुष्ट होते, असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्यासमोर नकाशा होता आणि नकाशावर एक तुकडा होता. त्या तुकड्यावर कोण काय बनवतो, ते बनवायला किती वर्षे गेली, उद्या त्यातून काय निघेल, हे नकाशावर दिसत नाही. ते पाहायला त्या दारातून आत-बाहेर जाणारे कोणीतरी लागते. लक्ष्मणराव गावातलेच होते, पण ज्यांच्या हाती हुकूम होता त्यांच्याशी त्यांचे एकत्र केलेले कुठलेही काम नव्हते.

औंधला ते होते. १९०९ च्या अखेरीस भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले. पुढे सूर्यनमस्काराचा प्रसार, औंधचे चित्रसंग्रहालय आणि १९३९ मध्ये प्रजेच्या हाती दिलेला कारभार यांमुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले. स्वतः हाती कुंचला धरणारा हा राजा होता. चित्रकला शिकायला गेलेला आणि यंत्राकडे वळलेला माणूस त्याला आपला वाटला असेल, यात नवल नाही. लक्ष्मणरावांवर आलेली वेळ त्यांच्या कानी गेली. त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना काढायला जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले.

औंध संस्थान एकसलग नव्हते. त्याचे तुकडे आजच्या सातारा, सांगली, सोलापूर, विजापूर या भागांत विखुरलेले होते. त्यांपैकी कुंडल हा एक. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे लहानसे स्टेशन होते. स्टेशनालगतची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी निवडली. जमीन कसली, नुसता माळ. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. पण लोखंड आत येणार आणि नांगर बाहेर जाणार ते रेल्वेनेच, म्हणून स्टेशन महत्त्वाचे. १९१० मध्ये बिऱ्हाडे तिकडे हलली. निवडुंग तोडून झोपड्या उभ्या राहिल्या, मग छपरे, मग कारखाना. स्टेशनाचे नावही पुढे बदलले आणि किर्लोस्करवाडी झाले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातले एक मोठे नाव असे आमच्या गावातून उठून तिकडे गेले.

आता प्रश्न असा, की बाळासाहेबांनी दहा हजार रुपये कशाच्या भरवशावर दिले? खपाला दोन वर्षे लागलेल्या नांगराच्या भरवशावर नक्कीच नाही. संस्थानाला उद्योग हवा होता, हे खरे. लहान संस्थानाच्या राजाला आपल्या माळावर चार धुराडी दिसावीत असे वाटले तर तो नुसता परोपकार नव्हे, त्यात त्याच्या प्रजेचे हितही होते. पण उद्योग हवा असणारे राजे पुष्कळ होते आणि मदत मागणारेही पुष्कळ. या एका माणसाला मदत झाली, कारण आधीच्या कामात तो पारखला गेला होता, असे आम्हांला वाटते. सांगितले ते करतो की नाही, अडचण आली तर आधी सांगतो की शेवटी, पैशाचा हिशेब कसा देतो, हे सारे मंडपाच्या कामात दिसते. किंबहुना मंडपातच जास्त दिसते, कारण तिथे पाहणारा रोज समोर असतो.

म्हणजे मंडपाच्या कामातून लक्ष्मणरावांना मजुरी मिळाली आणि शिवाय एक साक्षीदार मिळाला. हा साक्षीदार कुठल्या करारात लिहिलेला नसतो. तो पुढच्या कामाच्या वेळी उभा राहतो, आणि पुढचे काम आधीच्यासारखे असायला हवे असेही नाही.

माळावर गेल्यावर हीच रीत आतल्या माणसांबाबतही दिसते. रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहू लागले. शंभोराव जांभेकर, के. के. कुळकर्णी, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे, यंत्रांत डोके चालणारे अनंतराव फळणीकर अशी माणसे लक्ष्मणरावांभोवती होती. यांतले काही शाळेत अपयशी ठरलेले. परीक्षेचे प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला कामात पारखायचे आणि पारख पटली की पुढचे मोठे काम त्याच्यावर सोपवायचे, असा लक्ष्मणरावांचा रिवाज होता. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या, दरोड्यासाठी शिक्षा भोगलेल्या दोघांना त्यांनी वाडीच्या राखणीवर नेमले, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. जगाने ज्यांच्यावर जुन्या कामाचा शिक्का मारला होता त्यांना नवे काम देणे, हीदेखील संबंध जोडण्याचीच एक तऱ्हा. फक्त तिला धाडस जास्त लागते.

पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक रोडावली आणि देशी कारखानदाराला बाजार मोकळा झाला. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळणे मात्र कठीण झाले. त्यातून तरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीत आणखी एक गोष्ट सुरू झाली आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व कारखान्याहून कमी नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटे पत्रक काढले.

मराठी वाचकांना 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके ठाऊक आहेत. आमच्या घरांतल्या कपाटांत त्यांचे जुने अंक अजून निघतात. पण या साऱ्याचे मूळ एका कारखान्याच्या खबरपत्रात आहे, हे आपण विसरतो. नांगर विकत घेतलेल्या शेतकऱ्याची आणि कारखान्याची गाठ पुन्हा कधी पडणार? फाळ झिजला तर, किंवा दुसरा नांगर घ्यायचा झाला तर. मधल्या काळात त्याला कारखान्याची आठवण कशाने राहणार? 'खबर' हे त्याचे उत्तर होते. पुढे त्यात कथा आल्या, लेख आले, समाजसुधारणेचे वाद आले, नावातला 'खबर' गळून पडला आणि ते महाराष्ट्राचे मासिक झाले. गिऱ्हाइकाशी दोन कामांच्या मधल्या काळात बोलत राहावे, या साध्या गरजेतून एवढे मोठे साहित्यिक दालन उभे राहिले. आणि ते बोलणे 'आमचा माल घ्या' एवढ्यावर थांबले नाही, म्हणूनच ते वाढले.

पुढचा विस्तार आपल्याला ठाऊक आहे. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला. वाडी, बेळगाव, हरिहर, बंगळूर ही सगळी नावे त्या काळच्या एकाच लोहमार्गावर ओळीने लागत. ज्या गावातून उठावे लागले, त्याच गावावरून किर्लोस्करांची गाडी पुढची तीस-चाळीस वर्षे ये-जा करीत राहिली, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

पण ही गोष्ट फार गोड करून सांगणे बरे नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला आणि आगीत त्याचे अतोनात नुकसान झाले. अडतीस वर्षे त्याच पंचक्रोशीत राहून, तिथल्या माणसांना काम देऊनही हे घडले. संबंध जपणे म्हणजे विमा उतरवणे नव्हे. जोराचे वारे सुटले की जपलेले संबंधही कधी कधी टिकत नाहीत. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे चालू आहे. लक्ष्मणरावांनी तो उभा राहिलेला पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले.

आता थोडे आमच्या बेळगावविषयी. किर्लोस्कर गेले म्हणून गावातला लोखंडाचा धंदा थांबला नाही. आज बेळगाव ओळखले जाते ते फाउंड्र्यांसाठी. इथले कास्टिंग पुण्याला जाते, कोल्हापूरला जाते, परदेशीही जाते. आमच्या मंडळाचे कितीतरी सभासद या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे गेलात तर शेडच्या एका अंगाला लाकडी आणि धातूचे पॅटर्न मांडणीवर रचून ठेवलेले दिसतात. प्रत्येकावर गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर. पॅटर्न हा बहुधा गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. फाउंड्रीने तो नुसता सांभाळायचा. काहींची ऑर्डर दरमहा येते, काहींची दोन-दोन वर्षे येत नाही. तरी लाकूड फुगू नये, वाळवी लागू नये, कोपरा उडू नये म्हणून काळजी घ्यावी लागते. त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

आमच्या एका सभासदांनी सांगितलेली हकीकत आहे. त्यांच्याकडच्या कास्टिंगचा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. आत पोकळी राहिली होती. चूक यांची. लॉट बदलून दिला, नुकसान सोसले, पण त्यानंतर ऑर्डर येईना. तीन वर्षे पॅटर्न मांडणीवर पडून होते. मुलगा म्हणाला, जागा अडते, परत पाठवून देऊ. हे म्हणाले, राहू दे, त्याने मागितलेले नाहीत. चौथ्या वर्षी त्या गिऱ्हाइकाचा माणूस दुसऱ्याच कामासाठी बेळगावात आला असता सहज डोकावला. आपले पॅटर्न नंबरासकट, कोरडे, जागच्या जागी बघून तो थोडा वेळ बोललाच नाही. पुढच्या महिन्यात ऑर्डर आली. "मी काही केलं नाही," असे आमचे सभासद सांगतात, "नुसतं टाकून दिलं नाही."

औंध ते उद्यमबाग, आम्हांला वाटते, हा एकच धागा आहे. काम चालू असताना सगळेच गोड बोलतात. काम संपताना माणूस कसा वागतो आणि संपल्यावर दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्याची आठवण कशी ठेवतो, यावर पुढचे ठरते. शेवटच्या बिलावर घासाघीस करून आपण चार पैसे वाचवतो तेव्हा ते या कामाच्या खात्यात जमा दिसतात. पुढच्या कामाच्या खात्यात ते नावे पडलेले असतात, पण ते खाते आपल्याला दिसत नाही. बेळगावने १९१० च्या आसपास एक भूखंड मोकळा करून घेतला. तो त्या वर्षीच्या दप्तरात जमेलाच लागला असेल.

हे लिहीत असताना आम्हांला आमचेच बिल आठवत होते. शेवटी मंडळाचे तिघे जण एका संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. कापलेले पैसे पाकिटात घेऊन गेलो होतो, तारीख मागायला नव्हे. काकांनी पाकीट उघडले नाही, बाजूला ठेवले. काकूंनी चहा आणला. काका गेल्या वर्षीच्या पावसाविषयी बोलले, मूर्तीवर थेंबही पडू दिला नाही, हे अभिमानाने सांगितले. आम्ही ते तेव्हाच ऐकायला हवे होते. यंदाचे त्यांचे काम दुसऱ्या मंडळाकडे आहे आणि दिलेला शब्द ते मोडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. मोडला असता तर आम्हांलाच आवडले नसते.

यंदाचा आमचा मंडप दुसऱ्याने घातला आहे. चांगला आहे. त्याचे बिल उत्सव संपल्यावर आठ दिवसांत चुकते करायचे, असा ठराव आम्ही इतिवृत्तात घातला आहे. निघताना काका दारापर्यंत आले. विसर्जनाच्या दिवशी आपण ज्या सुरात बाप्पाला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो, त्या सुरात नव्हे, तर साध्या व्यवहाराच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा लवकर फोन करा."

आम्ही करणार आहोत.